कंपोझिटी लिहिलं तर चूक का? झाडांच्या कुलांची जुनी आणि नवी नावं

मागच्या अंकात झेंडूबद्दल लिहिताना मी सहज "कंपोझिटी कुल" (कुल म्हणजे फॅमिली, जवळच्या नात्यातल्या झाडांचं घराणं) असं लिहून गेले आणि त्यावर इतके मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. काहींनी चूक दाखवली, काहींनी जुन्या वह्यांचे फोटो पाठवले, आणि काही प्रश्न तर असे होते की मला स्वतःला पुस्तकं काढून बसावं लागलं. सगळे घेता आले नाहीत, पण जे घेतलेत त्यांना नीट उत्तर द्यायचा प्रयत्न केलाय.

प्रश्न: ताई, मी १९८६ साली इंदूरलाच बीएस्सी केलं, बॉटनी माझा आवडता विषय. आता मुलगी अकरावीला आहे. क्लासच्या टेस्टमध्ये तिने सूर्यफुलाच्या कुलाचं नाव कंपोझिटी लिहिलं कारण मी तसं शिकवलं होतं. सरांनी त्यावर काट मारली, लाल पेनाने शेजारी ॲस्टरेसी लिहिलं आणि मार्क गेला. मुलगी माझ्यावर नाराज आहे. मी खरंच चुकीचं शिकवलं का? (सुदामा नगरहून एक आई)

उत्तर: नाही, तुम्ही चुकीचं शिकवलं नाही आणि मुलीनेही चुकीचं लिहिलं नाही, हे आधी तिला सांगा. कंपोझिटी आणि ॲस्टरेसी ही एकाच कुलाची दोन नावं आहेत आणि दोन्ही आजही नियमाने चालतात. वनस्पतींना नावं कशी द्यायची याचा एक आंतरराष्ट्रीय कोड आहे, त्याच्या १८व्या कलमात हे स्पष्ट लिहिलंय की आठ कुलांची जुनी नावं वापरायला परवानगी आहे आणि ज्याला नवीन हवं त्याने नवीन वापरावं. फक्त आठच, बाकी कुणाला ही सवलत नाही.

आता हे असं का झालं ते बघा. नियम असा की कुलातली एक प्रजाती (म्हणजे जीनस) धरायची, तिच्या नावाला "एसी" जोडायचं, झालं कुलाचं नाव. रोझावरून रोझेसी, माल्वावरून माल्वेसी, सोलॅनमवरून सोलॅनेसी. म्हणून वांगं-टोमॅटोच्या कुलाचं नाव तुमच्या वहीतही सोलॅनेसी आणि मुलीच्या पुस्तकातही सोलॅनेसीच, तिथे भांडणच नाही. पण हा नियम पक्का व्हायच्या कितीतरी आधी, म्हणजे १७८९ साली, पॅरिसमध्ये आंत्वान लॉराँ द जुस्यू यांनी झाडांची कुलं मांडणारं पुस्तक काढलं होतं आणि या आठांतली बहुतेक नावं त्यातली आहेत. ती झाडाच्या दिसण्यावरून ठेवलेली होती, कुठल्या प्रजातीवरून नाही. आणि ती लोकांच्या तोंडात इतकी बसली होती की नियम करणाऱ्यांनाही ती काढून टाकवली नाहीत.

मला स्वतःला जुनी नावं फार प्रिय आहेत कारण ती डोळ्यांनी बघून ठेवलीयत. कंपोझिटी म्हणजे एकत्र जुळवलेलं. सूर्यफूल हे एक फूल नाहीच, शेकडो बारीक फुलांचा तो एक गड्डा आहे, दसऱ्याला तोरणासाठी आणलेला झेंडू मोडून बघा, प्रत्येक "पाकळी" खाली आपापलं बी घेऊन सुटी होते. क्रुसिफेरी म्हणजे क्रूस धरणारं, मोहरीच्या किंवा मुळ्याच्या फुलाच्या चार पाकळ्या अगदी फुलीसारख्या. लॅबिएटी म्हणजे ओठवालं, तुळशीचं फूल भिंगाखाली धरा, वरचा ओठ आणि खालचा ओठ वेगळे दिसतात. अंबेलिफेरी म्हणजे छत्री धरणारं, आणि आपल्या मराठी पुस्तकांत याला चामर कुल म्हणतात, मला तर छत्रीपेक्षा चामर जास्त पटतं. कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप, गाजर सगळे यातलेच, हिंगाचं झाडसुद्धा. फुलं आली की देवावर ढाळायच्या चामरासारखीच दिसतात ना!

नवी नावं घ्या. ॲस्टरेसी ॲस्टरवरून, ब्रॅसिकेसी ब्रॅसिका म्हणजे मोहरी-कोबीच्या प्रजातीवरून, लॅमिएसी लॅमियमवरून, एपिएसी एपियम म्हणजे सेलरीवरून. ग्रॅमिनी म्हणजे गवत, त्याचं पोएसी झालं, पोआ ही गवताचीच एक प्रजाती आणि ग्रीकमध्येही त्या शब्दाचा अर्थ गवतच, त्यामुळे तिथे फार काही बदललं नाही. पामीचं ॲरेकेसी झालं, आणि हे मला फार आवडतं, कारण ॲरेका म्हणजे सुपारी आणि हा शब्द मल्याळममधून पोर्तुगीज लोकांनी उचलला आणि तिथून लॅटिनमध्ये गेला. म्हणजे जगभरच्या नारळ-खजूर-ताडांच्या कुलाला नाव आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुपारीचं. गुट्टीफेरीचं मात्र उलटं झालं. गुट्टा म्हणजे थेंब, फांदी मोडली की चीक ठिबकतो म्हणून गुट्टीफेरी. आपलं कोकम याच कुलातलं. पण नवीन नाव क्लुसिएसी, ते क्लुसियावरून, आणि क्लुसिया मूळची अमेरिकेतली, आपल्या रानात ती नाहीच. कोकमाची सोलं करणाऱ्याला गुट्टीफेरी लगेच कळेल, क्लुसिएसी पाठ करावं लागेल. आठवं कुल शेंगांचं, लेग्युमिनोसी, त्याचा गोंधळ मोठा आहे, तो पुढच्या प्रश्नात बघू.

तुमच्या काळात कॉलेजात बेंथम आणि हूकर या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांची वर्गीकरणाची पद्धत शिकवायचे, त्यांचं पुस्तक १८६२ ते १८८३ असं वीसेक वर्षं निघत होतं आणि भारतातल्या फ्लोरा (प्रदेशातल्या झाडांची नोंदपुस्तकं), हर्बेरियम (वाळवलेल्या झाडांचे संग्रह), सिलॅबस सगळं त्यावरच उभं होतं. म्हणून तुमच्या वहीत कंपोझिटी. मुलीला सांगा की परीक्षेत ॲस्टरेसी लिही आणि जागा असेल तर शेजारी कंपोझिटीपण लिही. मार्काचा प्रश्न आहे म्हणून पुस्तकातलं नाव आधी. पण नाराजी तुमच्यावर नको, तुम्ही तिला फुलाकडे बघायला शिकवलंय.

प्रश्न: आमची सांवेरकडे शेती आहे, सोयाबीन आणि गहू. बियाण्याच्या एका पुस्तिकेत सोयाबीनचं कुल फॅबेसी लिहिलंय, दुसऱ्या जुन्या पुस्तकात लेग्युमिनोसी, आणि भाच्याच्या नोट्समध्ये पॅपिलिओनेसी. तिन्ही एकच का? (एक शेतकरी वाचक)

उत्तर: सोयाबीनपुरतं बोलायचं तर तिन्ही बरोबर, पण तिन्ही एकच नाहीत, आणि इथेच लोक फसतात.

शेंगा धरणारी सगळी झाडं मिळून लेग्युमिनोसी, मराठीत शिंबावंत कुल. त्यात तीन गट मानायचे: फुलपाखरासारखी फुलं असणारा पॅपिलिओनेसी (तूर, हरभरा, वाटाणा, सोयाबीन, पळस), गुलमोहर-बहावा-चिंच असा सिसाल्पिनिएसी, आणि बाभूळ-शिरीष-लाजाळू असा मायमोसेसी. बेंथम-हूकरनी हे तिन्ही एकाच कुलाचे पोटभाग मानले, नंतरच्या काही जणांनी तीन वेगळी कुलं केली. आता नवीन नियमाचं नाव फॅबेसी, पण ते नेमकं कशाचं? कोणी पूर्ण शेंगा-कुलाला फॅबेसी म्हणतो, कोणी फक्त फुलपाखरी गटाला, आणि कोडप्रमाणे दोन्ही चालतं. अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात बरीच वर्षं फॅबेसीखाली लिहिलेलं असायचं की हे आधी पॅपिलिओनॉइडी, लेग्युमिनोसीचं उपकुल, होतं, म्हणजे तिथे छोटा अर्थ. दुसऱ्या पुस्तकात गुलमोहरही फॅबेसीत सापडतो, म्हणजे तिथे मोठा अर्थ. म्हणूनच शेंगांच्या झाडांवर काम करणारे बरेच शास्त्रज्ञ आजही लेग्युमिनोसीच लिहितात, त्यात शंका राहत नाही, आणि मलाही तेच बरोबर वाटतं.

अजून एक गंमत, फॅबेसी ज्या फॅबावरून आलं ती प्रजाती आता वेगळी मानतच नाहीत, बाकला शेंगेला आता विसिया फाबा म्हणतात. पायाचा दगड काढला पण घर तसंच ठेवलं, आणि कोडमध्ये तशी सूट लिहून ठेवलीय.

२०१७ साली शेंगा-कुलाच्या तज्ज्ञांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने डीएनएच्या आधारे तीनऐवजी सहा उपकुलं केली. फुलपाखरी गट तसाच राहिला म्हणून तुमच्या सोयाबीनला धक्का नाही. पण बाभूळ-शिरीषाचा गट गुलमोहराच्या उपकुलात गेला, चिंच आणि सीताअशोक तिथून निघून वेगळ्या उपकुलात बसले, आणि दसऱ्याला आपण सोनं म्हणून वाटतो तो आपटा कांचनाबरोबर तिसऱ्याच उपकुलात. भाच्याला सांगा की पॅपिलिओनेसी पाठ केलंय ते फुकट जाणार नाही, पण मायमोसेसी वेगळं कुल म्हणून लिहीत असेल तर ते आता सोडायला हवं.

प्रश्न: आम्ही मांडूला गेलो होतो, तिथे ठेल्यावर ती मोठी फळं मिळतात, "मांडू की इमली" म्हणून. मुलाने विचारलं की ही चिंचेच्या कुलातली का? आणि झाड एवढं जाडं कसं? (तिलक नगरहून एक वाचक)

उत्तर: चिंचेशी त्याचा काही संबंध नाही, फक्त आतला गर आंबट म्हणून लोकांनी इमली म्हटलं. ते बाओबाब, मराठीत गोरखचिंच, मूळचं आफ्रिकेतलं झाड. त्याचं शास्त्रीय नाव ॲडनसोनिया डिजिटाटा, मिशेल ॲडनसन नावाचा फ्रेंच माणूस १७४९ साली सेनेगलला गेला आणि पाच वर्षं तिथे राहिला, त्याच्या नावावरून. खोड जाड दिसतं कारण आतलं लाकूड मऊ असतं आणि त्यात पाणी साठून राहतं.

पण तुमच्या मुलाचा प्रश्न कुलाचा आहे आणि तो या सदरासाठी अगदी नेमका आहे, कारण इथे नाव बदलण्याची गोष्ट नाही, झाडाचं घरच बदललंय. जुन्या पुस्तकांत गोरखचिंच आणि काटेसावर बॉम्बॅकेसी कुलात असायचे. कोकोचं झाड स्टरक्युलिएसीत, फालसा टिलिएसीत, आणि कापूस, भेंडी, जास्वंद माल्वेसीत. चारही शेजारी आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, पण भिंत नक्की कुठे घालायची यावर कधी एकमत नव्हतं. मग १९९८ साली एपीजी म्हणजे अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप नावाच्या शास्त्रज्ञांच्या गटाने डीएनए बघून फुलझाडांची नवी मांडणी केली, त्यात चारही मिळून एकच माल्वेसी झालं. ही मांडणी नंतर २००३, २००९ आणि २०१६ साली सुधारली, शेवटच्यात ४१६ कुलं आहेत.

म्हणजे आता मांडूच्या किल्ल्यातला तो म्हातारा गोरखचिंच, आपल्या माळव्यातला कापूस आणि तुमच्या फ्रिजमधली भेंडी एकाच कुलातले. पुढच्या वेळी मांडूला जाल तेव्हा पावसाळ्यात जा, पानं आलेली असतात, ती हाताच्या पंजासारखी असतात आणि अगदी काटेसावरीच्या पानासारखी दिसतात. तेच मुलाला दाखवा, डीएनए न शिकवता कळेल.

तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या मिसळू नका. कंपोझिटीचं ॲस्टरेसी झालं तेव्हा एकही झाड इकडचं तिकडे गेलं नाही, पाटी बदलली. बॉम्बॅकेसीचं माल्वेसी झालं तेव्हा भिंत पडली. मला आलेल्या निम्म्या मेसेजमध्ये गोंधळ याच एका ठिकाणी होता.

प्रश्न: साग तुळशीच्या कुलात आहे असा फॉरवर्ड आलाय. खरं का?

उत्तर: खरं आहे. साग आणि निर्गुडी आधी व्हर्बिनेसीत होते, आता लॅमिएसीत, म्हणजे तुळस-पुदिन्याबरोबर. सागाची कोवळी फांदी हातात घ्या, चौकोनी लागते, तुळशीसारखीच. रस्त्याकडेची घाणेरी मात्र व्हर्बिनेसीतच राहिली.

प्रश्न: कांदा लिलीच्या कुलात, असं आम्ही शिकलो. आता नाही म्हणतात. मग कुठे गेला? आणि लिलिएसी संपलं का? (रामबागेतून एक निवृत्त शिक्षक)

उत्तर: काका, लिलिएसी संपलं नाही पण फार लहान झालं. जुन्या काळी कसं होतं, एकदल झाडं, सहा पाकळ्या आणि बीजकोश पाकळ्यांच्या वर असला की टाका लिलिएसीत. बीजकोश पाकळ्यांच्या खाली असला की ॲमॅरिलिडेसीत. या एका खुणेवर सगळा कारभार. त्यामुळे कांदा, लसूण, कोरफड, शतावरी, कळलावी सगळे लिलिएसीत जाऊन बसले, जणू धर्मशाळाच.

डीएनएने दाखवलं की ही खूण फसवी आहे, बीजकोश वर-खाली होणं वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळ्या वेळी घडलंय. मग कांदा-लसूण ॲमॅरिलिडेसीत गेले, आणि नीट बघितलं तर ते पटतं, कारण कांद्याचा तो पोकळ दांडा आणि टोकाला फुलांचा गुच्छ, तसाच बिनपानांचा दांडा आणि टोकाला फुलं ॲमॅरिलिसलाही असतात. कोरफड ॲस्फोडेलेसीत, कळलावी कोल्चिकेसीत, शतावरी ॲस्परॅगेसीत. आणि निशिगंध, ज्याला आपण इंदूरकर रजनीगंधाच म्हणतो, तो जुन्या पुस्तकांत ॲमॅरिलिडेसीत होता, तो आता शतावरीबरोबर ॲस्परॅगेसीत. म्हणजे कांदा ज्या घरात शिरला त्याच घरातून निशिगंध बाहेर पडला.

तुम्ही इतकी वर्षं मुलांना शिकवलंत ते त्या वेळच्या पुराव्यावर बरोबरच होतं. फुलाचा उभा छेद घेऊन बीजकोश बघायची सवय तुम्ही लावलीत, ती आजही लागतेच, ओळख पटवायला डीएनए लॅब कोणी शेतात नेत नाही.

असंच रुईचंही झालंय. मारुतीला शनिवारी वाहतो ती रुई ॲस्क्लेपियाडेसीत होती, १८१०च्या सुमारास रॉबर्ट ब्राउन यांनी ते कुल कण्हेरीच्या कुलापासून वेगळं काढलं होतं, कारण रुईचे परागकण सुटे नसतात, त्यांच्या चिकट पिशव्या बनतात. एपीजीने ते परत कण्हेर-सदाफुलीच्या अपोसायनेसीत मिसळलं. पांढरा चीक तर दोघांनाही येतो.

प्रश्न: मी गच्चीवर भाज्या लावते. ही नावं पाठ करून मला काय फायदा? रागावू नका. (एक गृहिणी)

उत्तर: रागवायचं कशाला, हाच सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा चारही सोलॅनेसी, आणि मातीतून येणारा मर रोग चौघांनाही धरतो. ज्या कुंडीत या वर्षी टोमॅटो मेला तिथे पुढच्या वर्षी वांगं लावलं तर रोगाला नवं जेवण वाढल्यासारखं होतं. तिथे मेथी किंवा वाल लावा. मुळा, कोबी, फ्लॉवर एका घरचे, मावा यांच्यावर सारखाच येतो. गिलकी, दुधी, कारलं, भोपळा हे एका घरचे आणि फळमाशी सगळ्यांना डंख मारते. कुल माहीत असलं की एवढं लगेच कळतं, मग नाव जुनं घ्या की नवं.

आणि कंपोस्ट नक्की करा. आपल्याच शहरात १९२४ साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, अल्बर्ट हॉवर्ड तिचे डायरेक्टर होते, त्यांनी इथे बसवलेली कंपोस्टची रीत जगभर "इंदूर पद्धत" या नावाने ओळखली जाते. गच्चीवरच्या ड्रमात सुकी पानं, हिरवा कचरा आणि थोडं शेण असे थर दिले आणि अधूनमधून उलथलं तरी काम होतं.

प्रश्न: मॅडम, मी एमएस्सीला आहे. डिपार्टमेंटमध्ये जुनी हर्बेरियम शीट्स आहेत, लेबलवर कंपोझिटी, ॲस्क्लेपियाडेसी असलीच नावं. आम्हाला सांगितलंय की खोडून नवीन लिहा. लिहू का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर: बेटा, खोडू नकोस. ज्यांनी सांगितलं त्यांना नम्रपणे पण ठामपणे नाही म्हण, हवं तर हे उत्तर दाखव. त्या लेबलवर नुसतं नाव नाहीये, कोणी, कुठून, कोणत्या तारखेला ते झाड गोळा केलं आणि त्या वेळी ते काय समजलं, हे सगळं आहे. तू खोडलंस की ॲस्क्लेपियाडेसी लिहिणारा माणूस कोणती पद्धत मानत होता हेच निघून जाईल. माझ्या नोकरीच्या काळात मी अशी खोडलेली, व्हाइटनर लावलेली शीट्स बघितली आहेत आणि त्यांच्याखालचं नाव उजेडात धरूनही वाचता आलेलं नाही, आजही वाईट वाटतं.

आणि तुमच्या यादीतली दोन्ही उदाहरणं वेगळी आहेत हे लक्षात घे. कंपोझिटी लिहिलेल्या शीटला काहीच करायची गरज नाही, ते नाव आजही चालतं. ॲस्क्लेपियाडेसीच्या शीटसाठी छोटी डिटरमिनेशन स्लिप कर, त्यावर आताचं पूर्ण नाव लिही, कुल अपोसायनेसी लिही, खाली तुझं नाव आणि तारीख. पक्की काळी शाई वापर, बॉलपेन नको. मूळ लेबल उजव्या कोपऱ्यात खाली असतं, स्लिप त्याच्या वर किंवा डावीकडे चिकटव, झाडावर किंवा जुन्या लेबलवर येऊ देऊ नकोस. आधी कोणाची स्लिप लागलेली असेल तर तीही तशीच ठेव, तुझी तिच्या वर लाव. आणि कपाटात शीट्स कुलाप्रमाणे लावलेल्या असतील तर त्या हलवायच्या आधी आत्ताचा क्रम वहीत उतरवून घे, म्हणजे बेंथम-हूकरच्या क्रमाने शोधत येणाऱ्यालाही पुढे शीट सापडेल.